कोंड्याचे मोल : कोंबडीच्या आहारातील तंतू आणि आतड्यांचे आरोग्य

धाराशिव जिल्ह्यातील पशुधनाचा विषय निघाला, की प्रथम उस्मानाबादी शेळी आठवते. २०२३ साली जिल्ह्याचे नाव बदलले. शेळी मात्र देशभर जुन्याच नावाने ओळखली जाते. तिच्या मानाने अंगणातील कोंबडीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. तरीही बालाघाटच्या डोंगररांगांत आणि पायथ्याच्या कोरडवाहू गावांत कित्येक घरांचा रोजचा किरकोळ खर्च ही कोंबडीच भागवते. मुलाची वही, आजीचे औषध, सणाला लागणारे तेल यांसाठी घरातली स्त्री अंडी विकते किंवा एखादा कोंबडा बाजारात नेते. २०१२ ते २०१६ या काळात मराठवाड्यात वारंवार अवर्षण पडले, तेव्हा पिके हातची गेलेल्या घरांना अशा लहान लहान जोडधंद्यांचाच आधार राहिला.

१९९३ च्या भूकंपानंतरच्या पुनर्वसनाच्या कामातून उभ्या राहिलेल्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने या जिल्ह्यातील शेतकरी स्त्रियांना एक एकर शेतीचा मार्ग दाखवला. घरच्या खाण्याची धान्ये, डाळी व भाज्या आणि जोडीला शेळ्या व कोंबड्या अशी त्याची रचना आहे. या संस्थेला २०१६ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचे 'इक्वेटर पारितोषिक' मिळाले. जगाने दखल घ्यावी असे काम आपल्या शेजारच्या गावांतील स्त्रियांनी केले, याचा आम्हांला आनंद वाटतो.

मराठवाड्यातील धर्मग्रामांतही अशी कुटुंबे आहेत. त्यांच्याशी बोलताना एक तक्रार वरचेवर कानी येते. पिल्ले आणली, पहिले आठ-दहा दिवस बरी होती, मग त्यांची विष्ठा चिकट झाली, मागची पिसे लडबडली, वाढ खुंटली आणि काही दगावली. त्यावर कोणी सांगतो, 'कोंडा घालू नका, कोंड्याने पिल्ले मरतात.' दुसरा सांगतो, 'कोंडा घाला, पोट साफ राहते.' दोन्ही सल्ले देणारे अनुभवाचेच बोलत असतात. मग खरे कोणाचे मानावे? याचे उत्तर असे, की कोंडा, तूस, टरफल, चोथा या नावांखाली आपण ज्या वस्तू एकत्र मोजतो, त्या कोंबडीच्या पोटात गेल्यावर एकसारख्या वागत नाहीत. तंतूंचे प्रकार निरनिराळे आहेत. कोणता तंतू, किती जाड आणि किती प्रमाणात, यावर त्याचा गुण किंवा अवगुण ठरतो. हीच गोष्ट या लेखात आम्ही उलगडून सांगणार आहोत.

तंतू म्हणजे काय?

वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती एक भिंत असते. ती सेल्युलोज, हेमिसेल्युलोज, पेक्टिन आणि लिग्निन यांसारख्या द्रव्यांची बनलेली असते. धान्यातील पिष्ट पदार्थ पचवणारे रस प्राण्यांच्या शरीरात तयार होतात. ही भिंत फोडणारे रस मात्र माणसाच्या किंवा कोंबडीच्या शरीरात तयार होत नाहीत. म्हणून जो भाग लहान आतड्यात न पचता पुढे जातो, त्याला आहारातील तंतू असे म्हणतात. 'आहारातील तंतू' हा शब्दप्रयोग हिप्सले या शास्त्रज्ञाने १९५३ साली प्रथम केला.

तंतूंचे ढोबळमानाने दोन गट पडतात. काही तंतू पाण्यात विरघळतात किंवा फुगून त्यांची खळ होते. यांना विद्राव्य तंतू म्हणावे. गव्हातील अरॅबिनोझायलॅनचा काही भाग, सातू व ओटमधील बीटा-ग्लुकॅन, फळांतील पेक्टिन ही त्यांची उदाहरणे होत. दुसरे तंतू पाण्यात विरघळत नाहीत. तूस, टरफल, काडी, लाकडाचा भुसा यांत ते भरपूर असतात. यांना अविद्राव्य तंतू म्हणावे. बहुतेक वनस्पतींत दोन्ही प्रकार असतात, पण त्यांचे प्रमाण वेगवेगळे असते.

खाद्याच्या पोत्यावरील चिठ्ठीत 'क्रूड फायबर' असा एक आकडा छापलेला असतो. पुष्कळ लोक त्यावरून तंतूंचा अंदाज बांधतात. हा आकडा काढण्याची पद्धत जर्मनीतील वेंडे या गावी १८६० च्या सुमारास निश्चित झाली. खाद्याचा नमुना आधी सौम्य आम्लात आणि मग सौम्य अल्कलीत उकळायचा व जे उरेल ते मोजायचे, अशी ती पद्धत आहे. या उकळण्यात विद्राव्य तंतू निघून जातात. हेमिसेल्युलोजचा आणि लिग्निनचाही बराच भाग जातो. त्यामुळे सोयाबीनच्या ढेपेत हा आकडा अगदी थोडा दिसतो. प्रत्यक्षात तिच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा पेशीभित्तिकेच्या तंतूंचा असतो. म्हणजे पोत्यावरचा आकडा खोटा नसतो, परंतु पिल्लाच्या पोटात काय घडणार हे तो सांगत नाही.

शेळी आणि कोंबडी

कडबा खाऊन शेळी दूध देते, मग कोंबडीला तो का चालू नये, असे एखाद्याला वाटेल. शेळी रवंथ करणारी आहे. तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्मजीव राहतात, ते कडब्यातील सेल्युलोज कुजवून त्यापासून उपयुक्त आम्ले तयार करतात आणि मगच अन्न पुढे सरकते. कोंबडीत हा क्रम उलटा आहे. तिच्यात सूक्ष्मजीवांची मुख्य वस्ती पचनमार्गाच्या शेवटी असते आणि अन्न काही तासांतच सर्व मार्ग ओलांडून बाहेर पडते. त्यामुळे तंतूंपासून शेळीइतकी ऊर्जा तिला मिळत नाही. खाद्यात तंतू फार झाले, तर तेवढी धान्याची जागा अडते आणि वाढीव पिल्लू भरल्या पोटी उपाशी राहते. 'कोंड्याने पिल्ले मरतात' असे म्हणणाऱ्याच्या अनुभवातील सत्य ते हे.

कोंबडीला दात नाहीत. टिपलेला दाणा गळ्याखालच्या पिशवीत भिजतो, तेथून ग्रंथिल जठरात येतो आणि त्यावर आम्ल व पाचक रस पडतात. मग तो पेट्यात जातो. आपण कलेजीबरोबर जो पेटा शिजवतो, तोच हा जाड स्नायूंचा अवयव. आतले खडे आणि बळकट स्नायू यांच्या योगाने तो जात्याप्रमाणे दाणे भरडतो. पुरेसे बारीक झालेले अन्नच तो पुढे लहान आतड्यात सोडतो. लहान व मोठ्या आतड्यांच्या सांध्यावर बंद टोकांच्या दोन नळ्या असतात. त्यांना अंधांत्रे म्हणतात. तंतू आंबवणारे सूक्ष्मजीव मुख्यतः तेथे राहतात.

चिकट तंतूंचा त्रास

आता विद्राव्य तंतूंचे काय होते ते पाहू. गव्हाचे पीठ पाण्यात कालवून शिजवले, की खळ होते. विद्राव्य तंतूंमुळे पिल्लाच्या लहान आतड्यातील अन्न असेच दाट व चिकट होते. पाचक रस अन्नकणांपर्यंत नीट पोहोचत नाहीत आणि पचलेले अन्न आतड्याच्या भिंतीपर्यंत लवकर जात नाही. स्निग्ध पदार्थांच्या पचनाला सर्वांत मोठा फटका बसतो. अन्न आतड्यात रेंगाळते आणि जे पिल्लाच्या अंगी लागायला हवे होते, त्यावर नको त्या जागी जिवाणू पोसतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जिवाणू अशा वेळी बळावतो व आतड्याच्या अस्तराला कुजवणारा रोग उद्भवू शकतो.

हा परिणाम पोटाच्या बाहेरही दिसतो. विष्ठा चिकट व पातळ होते, खाली अंथरलेला भुसा ओला होतो, त्यातून अमोनियाचा उग्र वास सुटतो आणि पायांच्या तळव्यांना फोड येतात. ओलसर भुशात रक्ती हगवणीच्या परजीवींची अंडी पक्व होऊन ती पुन्हा पिल्लांच्या पोटात जातात. अशा रीतीने खाद्यातील एक दोष पुढे रोगाचे रूप घेतो.

धान्याधान्यांत या बाबतीत फार अंतर आहे. ऑस्ट्रेलियातील मिंगान चोक्ट या शास्त्रज्ञाने दिलेल्या आकड्यांनुसार मका व ज्वारी यांत विद्राव्य तंतू शेकडा ०.१ ते ०.२ इतकेच असतात. गव्हात ते शेकडा २.४ आणि सातूत शेकडा ४.५ असतात. म्हणूनच युरोपात गहू व सातू यांवर कोंबड्या पोसणाऱ्यांना हा त्रास पूर्वीपासून होता. अमेरिकेत १९५० च्या दशकात सातू पाण्यात भिजवून दिल्यास पिल्ले अधिक वाढतात असे आढळले आणि त्या शोधातून पुढे हे तंतू तोडणारी विकरे खाद्यात मिसळण्याची पद्धत रुजली. झायलॅनेज आणि बीटा-ग्लुकॅनेज ही त्यांची नावे आज खाद्याच्या पोत्यांवरही वाचायला मिळतात.

पिल्लाचे वय जितके कमी, तितका हा त्रास जास्त. पहिल्या तीन आठवड्यांत आतडे कोवळे असते व सूक्ष्मजीवांची घडी बसलेली नसते. मोठी कोंबडी बराच गहू निभावून नेते. नव्याने निघालेल्या गव्हात हा दोष अधिक असतो आणि काही महिने साठवल्यावर तो कमी होतो, असेही आढळले आहे. आपल्याकडे शिधावाटप दुकानातून गहू मिळतो व तोच भरडून पिल्लांपुढे टाकला जातो. चिकट विष्ठेचे एक कारण तेथे असू शकते.

जाड तंतूंचा उपयोग

अविद्राव्य तंतूंची गोष्ट निराळी आहे. दीर्घकाळ त्यांना केवळ 'भरती' समजले गेले. गेल्या पंचवीस-तीस वर्षांतील संशोधनाने ही समजूत बदलली. नॉर्वेतील बिर्गर स्विहुस आणि स्पेनमधील गोन्सालो मातेओस यांच्या कामाचा यात मोठा वाटा आहे. माद्रिद येथील प्रयोगांत ब्रॉयलर पिल्लांच्या खाद्यात शेकडा ३ या प्रमाणात ओटचे तूस मिसळले, तेव्हा पिल्लांची वाढ कमी न होता सुधारली. खाद्यात पचण्याजोगा भाग कमी होऊनही वाढ सुधारावी, याचे कारण काय?

कारण पेट्यात आहे. तूस किंवा टरफल जाडसर असले, तर ते सहजी दळले जात नाही. पेट्याला ते अडवून धरून पुन्हा पुन्हा भरडावे लागते. या श्रमाने पेट्याचे स्नायू वाढतात. अन्न पेट्यात जास्त वेळ थांबते, आम्ल जास्त पाझरते आणि त्या आम्लात बाहेरून आलेल्या कित्येक जिवाणूंचा नाश होतो. पेट्याच्या जोरदार आकुंचनांमुळे लहान आतड्याच्या सुरुवातीचे अन्न पित्तासह काही वेळा मागे परततेही आणि पाचक रसांशी पुन्हा मिसळते. अशा रीतीने उरलेले सर्व अन्न अधिक चांगले पचते. याउलट अगदी पिठासारखे बारीक खाद्य सतत मिळाले, तर पेटा दुबळा राहतो आणि न भरडलेले अन्न घाईने पुढे निसटते.

येथे एक सूक्ष्म भेद लक्षात ठेवायला हवा. हा लाभ जाडसर तंतूंचा आहे. तेच तूस गिरणीत पिठासारखे दळून घातले, तर पेट्याला काम उरत नाही आणि लाभही बराचसा जातो. पुष्कळदा पिल्ले खाली अंथरलेला भुसा टिपून खाताना दिसतात. खाद्यात जाडसर भाग मुळीच नसला, तर पक्षी तो असा बाहेरून मिळवू पाहतात. अंडी देणाऱ्या कोंबड्यांना अविद्राव्य तंतू पुरेसे मिळाले, तर एकमेकींची पिसे उपटण्याची खोडही कमी होते.

तंतू फार झाले, तर हा लाभ मावळतो. मातेओस व त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडा २ ते ३ हे प्रमाण सुचवले आहे. याच्या दुप्पट-तिप्पट घातले, तर सुरुवातीला म्हटल्याप्रमाणे धान्याची जागा अडते व वाढ मंदावते.

अंधांत्रांतील सूक्ष्मजीव

जे तंतू लहान आतड्यातून पुढे जातात, त्यांपैकी बारीक व विरघळणारा भाग अंधांत्रांत शिरतो आणि तेथील सूक्ष्मजीव तो आंबवतात. त्यातून ॲसेटिक, प्रोपिऑनिक व ब्यूटिरिक ही आम्ले तयार होतात. ब्यूटिरिक आम्ल हे आतड्याच्या अस्तरातील पेशींचे अन्न आहे. त्यावर त्या पोसतात आणि अस्तर निकोप राहते. आम्लतेमुळे साल्मोनेलासारख्या जिवाणूंना तेथे सहज पाय रोवता येत नाही. म्हणजे विद्राव्य तंतूही सर्वस्वी वाईट नाहीत. लहान आतड्यात चिकटपणा आणण्याइतके ते झाले, तर अपाय करतात. माफक प्रमाणात अंधांत्रांपर्यंत पोहोचले, तर उपकारक ठरतात.

अंधांत्रे दिवसातून एक-दोन वेळा रिकामी होतात. त्या वेळची विष्ठा तपकिरी, मऊ, चिकट व दुर्गंधीयुक्त असते. ही नेहमीची निरोगी गोष्ट आहे. दिवसभरातील इतर विष्ठा घट्ट व वरून पांढरी असेल, तर अशी एखादी विष्ठा पाहून हगवण समजू नये व औषध देऊ नये. मात्र सगळ्याच पिल्लांची विष्ठा दिवसभर पातळ असेल, तिच्यात रक्त असेल किंवा पिल्ले मान पाडून बसत असतील, तर पशुवैद्यकाला दाखवण्यास विलंब करू नये.

आपल्या शिवारातील धान्ये

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परांडा व वाशी या आठही तालुक्यांत आज खरिपात सोयाबीनचा पसारा मोठा आहे. रब्बीत ज्वारी व हरभरा असतो. यांपैकी कोंबडीच्या दृष्टीने ज्वारीचे स्थान फार चांगले आहे. तिच्यात चिकट तंतू नगण्य असतात. लाल व तपकिरी ज्वारीत टॅनिन नावाचे तुरट द्रव्य अधिक असते आणि ते प्रथिनांच्या पचनात अडथळा आणते. आपली पांढरी मालदांडी मात्र त्या दोषापासून जवळजवळ मुक्त आहे. खरिपाची ज्वारी पावसात सापडून काळी पडली असेल, तर ती पिल्लांना घालू नये. बुरशीचे विष शिजवूनही पूर्ण जात नाही.

सोयाबीनची ढेप हा प्रथिनांचा उत्तम साठा आहे. तीत रॅफिनोज व स्टॅकिओज या जातीच्या शर्करा असतात. त्या कोंबडीला पचत नाहीत आणि पुढे आंबतात. म्हणून ढेप प्रमाणातच वापरावी. कच्चे सोयाबीन भरडून मुळीच देऊ नये. त्यात प्रथिनांचे पचन रोखणारे द्रव्य असते, त्याने पिल्लाचे स्वादुपिंड सुजते व वाढ खुंटते. हे द्रव्य उष्णतेने नष्ट होते, म्हणून दाणे नीट भाजलेले किंवा शिजवलेले असावेत. घरचे सोयाबीन आहे म्हणून पैसे वाचवायला जाऊन पिल्ले गमावल्याची उदाहरणे गावोगाव ऐकू येतात. मळणीनंतरचे सोयाबीनचे भुसकट शेळीच्या गव्हाणीत शोभते, कोंबडीच्या भांड्यात नव्हे.

गव्हाच्या कोंड्यात अविद्राव्य भाग मोठा असला, तरी तो हलका व बहुधा बारीक असतो. मोठ्या कोंबड्यांना तो थोडा चालतो. लहान पिल्लांचे पोट त्याने नुसते भरते. तुरीच्या चुणीत टरफलाबरोबर कच्च्या डाळीचे तुकडे येतात, म्हणून तीही थोडीच द्यावी. पेट्याला व्यायाम देणारे जाडसर तंतू हवे असतील, तर सूर्यफुलाची किंवा ओटची टरफले प्रयोगांत चांगली ठरली आहेत. ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगात उसाचे जाडसर चिपाडही उपयुक्त आढळले. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात त्याला तोटा नाही, परंतु ओलसर ढिगातील चिपाड लवकर बुरसते. वापरायचे झाल्यास ते स्वच्छ व खणखणीत वाळलेले असावे.

घरच्या कळपासाठी काही सूचना

गिरिराज व वनराज यांसारख्या सुधारित जातींची पिल्ले आता खेड्यांत पोहोचली आहेत. अशी पिल्ले पाळणाऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. पहिले सहा आठवडे पिल्लांना समतोल खाद्यच द्यावे. नुसती कण्या-कोंड्यावर या वयातील पिल्ले वाढत नाहीत. मुख्य धान्य मका, ज्वारी किंवा बाजरी असावे. गहू थोडा असावा.

२. जाडसर अविद्राव्य तंतू घालायचे असतील, तर १० किलो भरड्यात २०० ते ३०० ग्रॅमपेक्षा अधिक घालू नयेत. ते रव्यापेक्षा जाड, पण पिल्लाला गिळता येतील असे असावेत. प्रथम थोड्या पिल्लांवर अनुभव घ्यावा. विकतच्या तयार खाद्यात आपल्या मनाने काही मिसळू नये. त्याचे गणित आधीच केलेले असते.

३. धान्य पीठ होईपर्यंत दळू नये, भरडावे. अंगणात सुटणाऱ्या कोंबड्यांना खडे मिळतात; कोंडलेल्या कोंबड्यांना ज्वारीच्या दाण्याएवढी स्वच्छ खडी वेगळी ठेवावी. शिंपल्यांचा चुरा पोटात विरघळतो, तो खडीचे काम करत नाही.

४. सहा आठवड्यांनंतर मोकळे सोडलेले पक्षी गवत, पाला, किडे खातात व तंतूंची सोय स्वतःच करतात. संध्याकाळी त्यांना ज्वारी-बाजरीची मूठ पुरेशी होते. अंडी देणाऱ्या कोंबडीला मात्र प्रथिने व चुना वेगळा लागतो.

५. खाद्यात बदल एका दिवसात करू नये. पाच-सात दिवस जुने व नवे मिसळून द्यावे, म्हणजे आतड्यातील सूक्ष्मजीवांना सवय होते.

६. पाणी स्वच्छ व सतत असावे. अंथरलेला भुसा दररोज हलवावा व ओला भाग काढून टाकावा.

अधिक मार्गदर्शनासाठी तुळजापूर येथील कृषी विज्ञान केंद्र आणि तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना यांच्याशी संपर्क साधावा. धर्मग्रामातील महिला मंडळांनी अशा तज्ज्ञांना वर्षातून एकदा तरी बोलावले, तर त्याचा लाभ सर्व धर्मांच्या शेजाऱ्यांनाही होईल.

औषधाआधी आहार

हा सर्व खटाटोप आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा आहे. पिल्लांची विष्ठा बिघडली, की पाण्यात प्रतिजैविकाची पुडी टाकण्याची सवय खेड्यांपर्यंत आली आहे. मोठ्या व्यवसायात तर निरोगी पक्ष्यांनाही वाढ व्हावी म्हणून प्रतिजैविके दिली जात. युरोपीय संघाने ही प्रथा १ जानेवारी २००६ पासून बंद केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये तीच शिफारस केली. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन हे औषध खाद्य-प्राण्यांसाठी वापरण्यास बंदी घातली, कारण माणसाच्या गंभीर संसर्गावर ते अखेरच्या उपायांपैकी एक आहे. जिवाणूंना औषधाची सवय झाली, की रुग्णालयातील बालकावर तेच औषध चालत नाही. तंतूंविषयी एवढे संशोधन होऊ लागले, त्यामागे हीच निकड आहे. औषधाशिवाय आतडे निरोगी कसे राखावे, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग खाद्याच्या रचनेत सापडला.

या संदर्भात डेनिस बर्किट यांचे स्मरण होते. हे आयरिश शल्यचिकित्सक श्रद्धावान ख्रिस्ती होते व त्यांनी युगांडात अनेक वर्षे रुग्णसेवा केली. ज्या लोकांच्या आहारात तंतू भरपूर आहेत, त्यांना आतड्यांचे कित्येक विकार क्वचितच होतात, हे त्यांनी आग्रहाने मांडले आणि पाश्चात्त्य जग सपिटाकडून कोंड्याकडे वळू लागले. माणूस व कोंबडी यांच्या आतड्यांत फरक आहे, एकाचे प्रमाण दुसऱ्याला लागू पडत नाही. तरीही आपल्या ज्वारीच्या भाकरीची किंमत आपल्याला पुन्हा कळावी, एवढा बोध त्यातून घेता येईल.

प्रभू येशूने यरुशलेमविषयीची आपली तळमळ व्यक्त करताना पिल्लांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीचा दृष्टांत दिला, हे मत्तय व लूक यांच्या शुभवर्तमानांतून आपण जाणतो. अंगणातील हा साधा जीव त्याच्या ओळखीचा होता. कॅथोलिक ख्रिस्तसभेचा श्रद्धाग्रंथ सांगतो, की प्राण्यांना विनाकारण यातना देणे हे माणसाच्या प्रतिष्ठेला न शोभणारे आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रात सृष्टीच्या जपणुकीचा आणि गरिबांच्या हाकेचा विचार एकत्रच केला. आपल्या घरातील पिल्लांना त्यांच्या पोटाला मानवेल असा घास देणे हा त्या जपणुकीचाच एक लहानसा भाग आहे. ज्या माउलीच्या पदरी वीस पिल्ले आहेत, तिची पंधराऐवजी अठरा जगली, तर त्या घरात तेवढीच भर पडते. ती भर पडावी, यासाठी आपल्या वाचकांनी हा लेख स्वतः वाचावा आणि ज्यांना वाचता येत नाही अशा शेजारणींना वाचून दाखवावा, अशी आमची विनंती आहे.